फ्रेझरची सही

१४ एप्रिल, सोमवार

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "मिसेस ॲस्पिनॉल, रक्तदाब वाढलाय. राग आला की ओरडू नका, लिहून काढा." म्हणून ही वही आणली. शंभर पानी आहे. पुरायची नाही.

तर आजचा राग. वरच्या खोलीत क्लबची दोन पोरं राहतात, सोळा-सोळा वर्षांची, दोघं मिळून आठवड्याला पाच किलो बटाटे खातात. त्यांच्या राहण्या-जेवणाचे पैसे डिसेंबरपासून आलेले नाहीत. बावीस वर्षं मी ब्रॅकशॉ रोव्हर्सची पोरं सांभाळतेय. देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमधला क्लब. मैदानावर एकेक जण आठवड्याला लाख पौंड घेतो, आणि माझ्या बटाट्यांना यांच्याकडे पैसे नाहीत. फोन केला तर हिशेबातली पोरगी म्हणते, "प्रक्रियेत आहे." मी विचारलं, काय प्रक्रियेत आहे, बटाटा? तिने फोन ठेवला.

फ्रेझर बरा. तो स्वतःचे स्वतः देतो, शुक्रवारी सकाळी टेबलावर पाकीट. चौदा वर्षांचा असताना व्हाइटहेवनहून एक पिशवी घेऊन आला होता आणि पहिल्या तीन रात्री रडला होता. आता वीस वर्षांचा आहे, पहिल्या संघात मधल्या फळीत खेळतो, आणि अजून माझ्याच मागच्या खोलीत राहतो. बाकीचे खेळाडू कालव्याजवळच्या काचेच्या घरांत गेले. याला विचारलं तर म्हणतो, "तिकडे ग्रेव्ही कोण करणार, मावशी?"

२२ एप्रिल, मंगळवार

इयन डकवर्थ आला होता. क्लबचा सेक्रेटरी. आम्ही एकाच शाळेत, एकाच वर्गात. तेव्हाही हा दुसऱ्याच्या वहीतून गणितं उतरवायचा. ईस्टरचा केक घेऊन आला, दुकानातला. मला वाटलं पैशांचं बोलायला आला. अर्धा तास हवापाणी, माझे गुडघे, त्याच्या बायकोचे गुडघे. मी म्हटलं, "इयन, ताकाला येऊन भांडं का लपवतोस? माझे पैसे आणलेस का?"

"जुलैत नक्की, गेनर. पहिल्या आठवड्यात. सगळ्यांचेच." मग खुर्ची पुढे ओढली. "काम फ्रेझरचं आहे. त्याचा करार पुढच्या जूनपर्यंत आहे. आम्ही नवा देतोय. पाच वर्षांचा, पगार तिप्पट. तो सहीच करत नाही. एजंट अडवून धरतोय. त्याने सही केली नाही, तर पुढच्या वर्षी हा पोरगा आपल्या हातून फुकट जाईल."

"मग मी काय करू?"

"तुझं ऐकतो तो. एकट्या तुझंच ऐकतो."

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. त्या क्लबात बावीस वर्षांत कुणी मला काही विचारलं नव्हतं. आणि मला एकदम हलकं वाटलं, कारण गेले काही महिने मला भीती होती की हे फ्रेझरला विकतील. जो पाच वर्षांचा करार देतो तो विकायला निघालेला नसतो, एवढं मलाही कळतं. मी इयनला केकचा मोठा तुकडा दिला, त्याच्याच केकचा.

२४ एप्रिल, गुरुवार

पोरं वर गेल्यावर फ्रेझरपुढे विषय काढला. मटण-बटाट्याचं हॉटपॉट केलं होतं, त्याला आवडतं ते, वरचा बटाटा करपलेला.

"करारावर सही का करत नाहीस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"इयनने."

"इयन स्वतः आला होता? इथे?" मग बराच वेळ काट्याने बटाट्याची कड उकरत बसला. "तुला काय वाटतं, मावशी? करू?"

"न करायला काय झालं? तिप्पट पगार. पाच वर्षं डोक्याला ताप नाही. आणि ज्या क्लबाने तुला वाढवलं..."

"तूच वाढवलंस."

"तेच ते. मला वाटतं तू इथेच राहावंस. स्पष्टच सांगते."

"त्यांनी तुझे किती महिन्यांचे दिले नाहीत?"

मी म्हटलं, तो विषय वेगळा, तुझा त्याच्याशी काही संबंध नाही, जेव. त्याने पुन्हा विचारलं. मी सांगितलं, चार. त्याने विचारलं, क्लबातल्या धुलाईवाल्या बायकांचे? बसच्या ड्रायव्हरचे? मला काय ठाऊक. "पाच," तो म्हणाला, "ड्रायव्हरचे पाच महिन्यांचे. त्याने मला सांगितलं." मग ताट धुवून ठेवलं आणि झोपायला गेला. हल्लीच्या पोरांच्या डोक्यात काय चालतं काही कळत नाही. एवढी चांगली गोष्ट पुढ्यात आहे, तर हा ड्रायव्हरची चौकशी करतोय.

२ मे, शुक्रवार

त्या एजंटाला आज असा धुतला की बस. फ्रेझर अंघोळीला गेला होता, फोन ओट्यावर वाजत होता. पाचव्यांदा वाजला तेव्हा मी उचलला.

"फ्रेझर, सही करू नको, ऐक माझं..."

मी म्हटलं, "फ्रेझर नाही, मी गेनर ॲस्पिनॉल बोलतेय. तुमचं टक्क्यांचं दुकान बंद पडेल म्हणून पोराचं भलं अडवता का?"

तो म्हणाला, "बाई, तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळत नाहीये. एक वर्ष तो शांत बसला तर पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच्या मर्जीने हवं तिथे जाईल, हवं तर तिथेच राहील. त्याच्यावर हुकूम कुणाचा चालणार नाही."

"आणि क्लबाला काय मिळणार?"

"काही नाही. म्हणून तर त्यांची घाई."

बघा, स्वतःच्या तोंडाने बोलला. क्लबाला काही मिळू नये हीच याची इच्छा. मी त्याला म्हटलं, तुमच्यासारख्या माणसांमुळेच या खेळाचा सत्यानाश झाला, आणि फोन ठेवला. फ्रेझर टॉवेल गुंडाळून दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं असणार. हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. "तू त्याला घाबरवलंस, मावशी," म्हणाला.

रक्तदाब मोजला. आज कमी होता.

९ मे, शुक्रवार

केली सही. मैदानात उभं करून फोटो काढला, हातात शर्ट, शर्टावर २०३० लिहिलेलं. सही करायला जाताना मला दारात म्हणाला, "तुला खरंच हवंय ना हे?" मी म्हटलं, किती वेळा विचारशील, हवंय, जा. गेला.

इयनने फुलं पाठवली. सोबत चिठ्ठी: "क्लब तुझे उपकार विसरणार नाही." मी गोडाला ट्रायफल केलं, दोन्ही पोरं त्यावर तुटून पडली. फ्रेझरने दोन चमचे खाल्ले. म्हणाला पोट जड आहे. त्याची आई व्हाइटहेवनहून फोनवर रडत होती. मला वाटलं आनंदाने. "गेनर, तुम्ही त्याच्याजवळ आहात हे बरंय," एवढंच म्हणाली.

२५ मे, रविवार

वाचलो. एका गुणाने वाचलो. शेवटचा सामना बरोबरीत सुटला आणि आपण वरच्या लीगमध्ये राहिलो. फ्रेझर नव्वद मिनिटं पळाला, शेवटी पायात गोळे आले तरी बाहेर येईना. मी आणि शेजारच्या नॉरीनने गळ्यात गळे घालून उड्या मारल्या, माझ्या गुडघ्यांनी त्याचा सूड लगेच घेतला.

पण परतीच्या वाटेवर पबमध्ये इयन भेटला, तोंड असं की आपण हरलोच. लीगचा नियम आहे म्हणे, तीन वर्षांत ठराविक तोट्याच्या पलीकडे गेलं की पुढच्या हंगामात गुण कापतात. आपले दहा कापतील. दहा कापले की खाली गेलोच समजा, आणि खाली गेलो तर अर्ध्या लोकांना घरी बसवणार. तीस जूनला वह्या बंद होतात. त्याच्या आत तीन कोटी पौंड नफा दाखवायचा.

मी म्हटलं, "मालकाला सांग."

"मालकाने घातलेले पैसे नफ्यात धरत नाहीत."

"मैदान विका."

"विकलं ना. तीन वर्षांपूर्वी, मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला. आता तिला भाडं भरतो."

आपल्याच मैदानाचं आपणच भाडं भरतो. कुणाची अक्कल, कुणाला पगार. मी म्हटलं, "मग तो चार कोटींचा पोर्तुगीज विका. वर्षात तीन गोल. मी गुडघ्यांसकट तेवढे मारले असते."

"त्याला विकून तोटाच दिसेल, गेनर." त्याने ग्लासात बघितलं. "तुला नाही समजणार."

नाही समजलं. चार कोटींची वस्तू विकून तोटा कसा होतो, हे या जगात फक्त इयन डकवर्थलाच समजत असेल. गणित अजून दुसऱ्याच्याच वहीतून उतरवतो वाटतं.

१७ जून, मंगळवार

फ्रेझर आईकडून लवकर परतला. सुट्टी अजून बाकी आहे, तरी आला. आल्यापासून घरभर काहीतरी करतोय. पन्हळ साफ केलं, मागचं कुंपण रंगवलं, न्हाणीघराचा तो नळ दुरुस्त केला जो सहा वर्षं गळतोय. मी म्हटलं, "अरे, पाच वर्षं आहेस ना, सगळं आजच कशाला?" तो शिडीवरून म्हणाला, "सुरू केलंय तर होऊन जाऊ दे."

खोलीसुद्धा आवरली. जुने बूट, पोरपणीच्या वह्या, सगळं खोक्यांत. चला, निदान एक गुण तरी लागला. दोन्ही धाकटी पोरं घरी गेलीत, घर शांत आहे. संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर चहा पीत बसलो. म्हणाला, "मावशी, कुंपणाला दर दोन वर्षांनी रंग लाव. लाकूड कुजतं."

"तू लावशील."

"हो," म्हणाला.

२७ जून, शुक्रवार

विकला.

सकाळी साडेसात वाजता गाडी आली. मला वाटलं सरावाला चाललाय. हातात दोन बॅगा. म्हणाला, "लंडनला जातोय, मावशी. डॉक्टरांची तपासणी आहे दुपारी. साडेतीन कोटी." तिथल्या एका क्लबाचं नाव घेतलं. मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, दोनदा सांगावं लागलं. मी म्हटलं, नाही म्हण. करार आहे तुझा, पाच वर्षांचा, मीच तर... तो म्हणाला, "नाही म्हटलं तर चालत नाही गं आता." मला घट्ट धरलं आणि गेला. मी झोपायच्या कपड्यांत रस्त्यावर उभी होते.

पुढचं लिहवत नाही.

३० जून, सोमवार

बँकेत पैसे आले. सगळे. डिसेंबर ते मे, एक पेनीसुद्धा कमी नाही. इयन म्हणाला होता जुलै, त्याच्याही आधी.

बातम्यांत म्हणाले, ब्रॅकशॉने हिशेब वेळेत जुळवला, गुण वाचले. रस्त्यावर कुणीतरी फ्रेझरचा शर्ट डांबरावर टाकून त्याच्यावरून मोटार नेली. बेकरीतली बाई म्हणाली, "सात आठवड्यांपूर्वी सही केली नि पगार वाढला की पळाला, पैशाचा भुकेला." मी पाव न घेता परत आले.

३ जुलै, गुरुवार

क्लबात गेले. दारावरच्या माणसाने अडवलं, मी थांबले नाही. इयन टेबलामागे बसला होता, मला बघून उठला.

"तू मला म्हणालास तो राहणार आहे."

"मी म्हणालो, सही हवी आहे."

"इयन."

तो बसला. चष्मा काढला. मग गणित सांगितलं, तोंडी, माझ्याकडे न बघता. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत वह्यांमध्ये वर्षावर्षाने उतरवत नेतात. चार कोटींचा पोर्तुगीज, त्याचे अजून सव्वातीन कोटी वहीत शिल्लक. विकला तर दीड कोटी येतील, म्हणजे वहीत पावणेदोन कोटींचा तोटा. पण जो पोरगा आपण चौदाव्या वर्षापासून वाढवला, तो विकत घेतलेलाच नाही. वहीत त्याच्यापुढे शून्य. "त्याचे जेवढे येतात तेवढे सगळे नफा, गेनर. लीगमधला प्रत्येक क्लब हेच करतो. घरचा पोरगा आधी."

"आणि पाच वर्षांचा करार कशाला?"

"एक वर्ष उरलेल्याला कोण साडेतीन कोटी देतं? एक कोटी मिळाले असते, नशीब असतं तर. पुढच्या वर्षी काहीच नाही."

म्हणजे पोराच्या गळ्यात किंमत बांधायला यांना दोरी हवी होती, आणि ती मी वळून दिली, हॉटपॉट करून. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, नर्सला सांगायलाही नाही. शेवटी म्हणाला, "दोनशे जणांच्या नोकऱ्या होत्या."

"मग माझ्या दारात येऊन ते सांगायचं होतंस."

"तू त्याला सांगितलं असतंस का सही कर म्हणून?"

मी त्याच्या टेबलावरचं फुटबॉलच्या आकाराचं घड्याळ उचललं, ते फेकायचं असं ठरवलं, आणि परत ठेवलं.

८ जुलै, मंगळवार

फ्रेझरचा फोन. अठराव्या मजल्यावर राहतो, खिडकी उघडत नाही, जेवण कुणीतरी डब्यात आणून देतं, वजन करून. मी सगळं बोलून टाकलं. की मी मूर्ख, की मला इयनने वापरलं, की मला वाटलं करार म्हणजे राहणं, की त्या एजंटाचं मी ऐकायला हवं होतं, की माफ कर.

तो मध्येच म्हणाला, "मावशी, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सही केली की विकणार. एजंटाने मला मार्चमध्येच सगळं समजावलं होतं, कागदावर काढून."

मी विचारलं, "मग केलीस कशाला?"

"ड्रायव्हरचे पाच महिने. धुलाईच्या बायका. तुझे." पुढे म्हणाला, "नाहीतर तुझे कधीच आले नसते. क्लब बुडतो तेव्हा खेळाडूंचे पूर्ण देतात आणि दुसऱ्या क्लबांचे पूर्ण देतात, असा नियमच आहे. तुझ्या बटाट्यांना मिळतात पौंडाला चार पेनी."

"पण मी तू राहावंस म्हणून सांगत होते. तुला कळत नव्हतं का?"

"कळत होतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस करू नको. आणि मला तुझं ऐकावं लागलं असतं."

इतकी वर्षं त्याला पालक खा म्हणून सांगतेय, तेव्हा नाही ऐकायला सुचलं. हे मात्र ऐकलं. मला त्याचा इतका राग आला की रडू आलं, आणि फोनवर रडते म्हणून आणखी राग आला. शेवटी म्हणाला, "हे कुणाला सांगू नको हं, मावशी. ड्रायव्हरला वाईट वाटेल."

११ जुलै, शुक्रवार

तळलेला मासा आणायला बॅरी एन्टविसलच्या दुकानात गेले. रांग दारापर्यंत. बॅरी कढईपाशी उभा राहून फ्रेझरचं नाव घेत होता, म्हणजे जे घेऊ नये तेही घेत होता. मला बघून म्हणाला, "काय गेनर, गेला ना तुझा लाडका? सहा वर्षं तुझं खाल्लं, क्लबाचं खाल्लं, आणि लंडनने नोटा दाखवल्या की शेपूट हलवत पळाला."

फ्रेझरला शब्द दिलाय, म्हणून त्याचं मी काही बोलले नाही. पण माझं मला बोलता येतं. मी म्हटलं, "तो सही करत नव्हता. मी करायला लावली. ती सही झाली म्हणून साडेतीन कोटी आले, नाहीतर एकही आला नसता. शिव्या द्यायच्या तर मला दे."

बॅरीने झारा कढईवर धरला तसाच. मला वाटलं, आता बोलेल. तो हिशेब करत होता, डोळे वर करून.

"म्हणजे गुण वाचले ते तुझ्यामुळे?" तो म्हणाला. "अरे ऐकलंत का, गेनरने क्लब वाचवला." मागून कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. एका म्हातारबाने टोपी काढली. कुणी टाळ्या वाजवायला लागलं, आणि बॅरीने सगळ्यात मोठा मासा कागदावर टाकला, वर चिप्सचा ढीग. "पैसे नकोत तुझे. आयुष्यभर नकोत."

मी म्हटलं, "क्लबासाठी नाही केलं मी. तो राहावा म्हणून केलं."

टाळ्या थांबल्या. बॅरी माझ्याकडे बघत राहिला आणि मग कढईकडे बघायला लागला, दुसरे मासे जळत होते. मी नऊ पौंड साठ पेनी मोजून काचेवर ठेवले, मासा उचलला आणि घरी आले.